मणका मोडला तर: छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेपर्यंत आणि तिच्यापुढे

सत्तरी ओलांडलेल्या आजी एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून गावाहून परत येत असतात. गाडी गतिरोधकावरून जरा जोरात जाते, आजी वीतभर उडून पुन्हा बाकावर आदळतात आणि पाठीत कळ जाते. घरी सगळे म्हणतात, उसण भरली असेल. शेक दिला जातो, मलम चोळले जाते, एखादा मालिशवालाही येऊन जातो. तीन आठवड्यांनी आजी कुशीवर वळतानाही विव्हळू लागतात, तेव्हा कुठे एक्स-रे निघतो आणि एक मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा चेपलेला दिसतो. आमच्या ओपीडीत हा प्रसंग इतक्या वेळा घडतो, की रुग्ण आत येण्याची पद्धत पाहूनच अर्धे निदान होते: एक हात मुलाच्या खांद्यावर, दुसरा स्वतःच्या कमरेवर, आणि खुर्चीत बसताना चेहऱ्यावर उमटणारी वेदना.

त्यानंतरचा नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: हल्ली दुर्बिणीने किंवा सुईने करतात ना, मग तसेच करून टाकू या का? हा लेख त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे. कातडीवरचा छेद किती लहान असेल, हे मणका कोणत्या प्रकारे मोडला आहे यावरून ठरते. म्हणून सुरुवात फ्रॅक्चर ओळखण्यापासून करावी लागते, आणि त्याच्याही आधी रुग्णाला उचलण्यापासून.

पहिल्या तासात काय करावे

आजींच्या बाबतीत हा टप्पा फारसा धोक्याचा नसतो. मात्र आंब्याच्या किंवा नारळाच्या झाडावरून पडलेला तरुण, बांधकामाच्या परांचीवरून कोसळलेला कामगार किंवा दुचाकीवरून फेकला गेलेला मुलगा यांच्याबाबत पहिला तास निर्णायक ठरू शकतो. दोघांनी खांदे आणि पाय धरून, मधे झोळ पडेल अशा रीतीने अशा माणसाला कधीही उचलू नये. मोडलेला मणका त्या झोळात आणखी सरकून मज्जारज्जूवर दाब आणू शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत रुग्णाला आहे तिथेच पडू द्यावे. हलवणे अगदीच भाग पडले, तर तीन-चार जणांनी एकाच वेळी, डोके, पाठ आणि कंबर एका रेषेत ठेवून, लाकडाचा ओंडका वळवावा तसे कुशीवर वळवून खाली सपाट फळी सरकवावी. घराचे दारही या कामी चालते.

पायातली ताकद कमी झाली असेल, बैठकीच्या जागेला बधिरपणा असेल, लघवी तुंबली असेल किंवा शौचावरचा ताबा सुटला असेल, तर ही तातडीची अवस्था आहे. अशा वेळी पुढे दिलेली वाट पाहण्याची कोणतीही सूचना लागू होत नाही, आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या केंद्रात त्याच दिवशी पोहोचावे लागते.

एक अपवाद इथेच सांगितला पाहिजे, कारण तो डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या आजारात मणके एकमेकांना जुळून बांबूसारखा अखंड दांडा तयार होतो. असा कणा किरकोळ पडण्यानेही आरपार मोडतो, एक्स-रेवर ते दिसेलच असे नाही, आणि तरीही ते फ्रॅक्चर अत्यंत अस्थिर असते. अशा रुग्णाला स्ट्रेचरवर बळेच सपाट झोपवू नये. त्याची जी मूळची पोक आहे तिला उशांचा आधार देऊन तशीच ठेवावी. पाठ नव्याने दुखू लागली असेल, तर एक्स-रे चांगला दिसला तरी सीटी स्कॅनचा आग्रह धरावा.

फ्रॅक्चर कोणते, हे समजून घेणे

छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला हे दोन मणके सर्वांत जास्त मोडतात. अहवालावर त्यांना डी १२ किंवा टी १२, आणि एल १ असे लिहिलेले असते. बरगड्यांच्या पिंजऱ्याने ताठ धरलेला वरचा कणा आणि मोकळेपणाने वाकणारी कंबर यांचा सांधा याच ठिकाणी येतो, त्यामुळे आघाताचा सगळा भार इथे एकवटतो.

ढोबळमानाने चार प्रकार लक्षात ठेवावेत. पहिला चेपलेला मणका: मणक्याच्या ठोकळ्याची पुढची बाजू बसते, मागची भिंत शाबूत राहते. ठिसूळ हाडांच्या वृद्धांमध्ये बहुतेक वेळा हाच असतो. दुसरा फुटलेला मणका, ज्याला बर्स्ट फ्रॅक्चर म्हणतात: उंचावरून टाचांवर किंवा बुडावर पडल्यावर ठोकळ्याचे तुकडे चहूबाजूंना पसरतात आणि मागचा एखादा तुकडा मज्जारज्जूच्या नळीत शिरतो. तिसऱ्या प्रकारात कणा पुढे वाकून मागची अस्थिबंधने ताणून तुटतात. गाडीत खांद्यावरचा पट्टा नसताना केवळ पोटावरच्या पट्ट्याने जखडलेल्या प्रवाशाला हे होऊ शकते. चौथ्या प्रकारात एक मणका दुसऱ्यावरून चक्क सरकलेला किंवा पिळलेला असतो.

निर्णयासाठी आम्ही बऱ्याचदा २००५ साली मांडली गेलेली टीएलआयसीएस ही गुणपद्धती वापरतो. तिच्यात तीन गोष्टींना गुण दिले जातात: मोडण्याचा आकार, मज्जातंतूंची अवस्था आणि पाठीमागच्या अस्थिबंधनांची अवस्था. साध्या चेपण्याला १, फुटण्याला २, सरकण्याला ३ आणि ताणून तुटण्याला ४ गुण मिळतात. मज्जारज्जूला अपुरी इजा असेल तर ३ गुण वाढतात, अस्थिबंधने नक्की तुटली असतील तर आणखी ३. एकूण बेरीज ३ किंवा कमी आली तर साधारणपणे शस्त्रक्रिया लागत नाही, ५ किंवा अधिक आली तर लागते, आणि ४ वर डॉक्टरांचा अनुभव व रुग्णाची परिस्थिती यांवर ठरवावे लागते. अपघाताच्या रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘किती गुण झाले’ असे विचारले तर कोणत्याही कणा-शल्यचिकित्सकाला राग येऊ नये. ही पद्धत आघाताने मोडलेल्या मणक्यांसाठी आहे. ठिसूळ हाडांच्या आजींना तिचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे प्रश्न स्थिरतेपेक्षा वेदनेचा आणि हाडाच्या मूळ रोगाचा असतो.

तपासण्या: कोणती कशासाठी

एक्स-रे शक्य असल्यास उभे राहून किंवा बसून काढावा. झोपून काढलेल्या चित्रात चेपलेला मणका थोडा उघडतो आणि दोष कमी दिसतो. फुटलेल्या हाडाचे तुकडे कुठे गेले हे सीटी स्कॅन दाखवतो. सुईने मणक्यात हाडांचे सिमेंट भरण्याचा विचार चालू असेल तेव्हा मात्र एमआरआयला पर्याय नाही, आणि त्यातही स्टिर नावाचे चित्र महत्त्वाचे असते. त्यात ताजा मोडलेला मणका आतल्या सुजेमुळे पांढरा चमकतो, तर जुना, भरून आलेला मणका शेजाऱ्यांसारखाच काळसर दिसतो. एका आजींच्या एक्स-रेवर तीन मणके चेपलेले होते, मुलाला तिन्हींत सिमेंट भरून हवे होते. स्टिरमध्ये चमकला एकच. उरलेले दोन कित्येक वर्षांपूर्वी, बहुधा कोणाला न कळता, मोडून जुळले होते. त्यांच्यात सुई घालून काहीच साधले नसते.

एमआरआयचे दुसरे काम त्याहून मोठे आहे. आपल्याकडे मणका बसण्याचे कारण क्षयरोगही असू शकतो, आणि कर्करोगाची गाठ किंवा मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोगही. क्षयात बहुधा दोन शेजारचे मणके आणि त्यांच्या मधली चकती मिळून खराब होतात, बाजूला पू साठतो. ठिसूळपणाच्या फ्रॅक्चरमध्ये चकती बहुतेक शाबूत राहते. हा नियम प्रत्येक वेळी पाळला जातोच असे नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात एका रुग्णालयात वय जास्त म्हणून ठिसूळपणाच गृहीत धरून एका बाईंना सिमेंटसाठी घेतले गेले. सुईतून पातळ पिवळसर द्रव आला आणि सगळे थांबले. तिथे सिमेंट गेले असते तर जंतुसंसर्गाच्या मधोमध कधी न विरघळणारा परका दगड बसला असता. तेव्हापासून सुई मणक्यात गेलीच आहे तर हाडाचा लहानसा तुकडा तपासणीला पाठवावा, हा नियम मी सोडलेला नाही.

रक्तात हिमोग्लोबिन, सूज किंवा जंतुसंसर्ग सुचवणारे ईएसआर व सीआरपी, कॅल्शियम, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व आणि मायलोमा शोधणारी प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस या तपासण्या करून घ्याव्यात. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन नंतर सवडीने केला तरी चालतो. त्यात उणे २.५ किंवा त्याखालचा टी-स्कोअर म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. मात्र क्षुल्लक धक्क्याने मणका बसला असेल आणि दुसरे कारण सापडले नसेल, तर स्कोअर काहीही आला तरी हाड ठिसूळ समजूनच उपचार करावे लागतात.

आधी वाट पाहायची, ती कशी

चेपलेल्या मणक्याचे बहुसंख्य रुग्ण सुईशिवाय बरे होतात. पहिले दोन-तीन आठवडे वेदना तीव्र असते, नंतर ती उतरत जाते, आणि साधारण सहा ते बारा आठवड्यांत हाड जुळते. या काळात पॅरासिटामॉल नियमित वेळेला द्यावे, दुखेल तेव्हाच द्यायची सवय मोडावी. अधिक तीव्र वेदनाशामके मोजक्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावीत, कारण वृद्धांमध्ये त्यांनी चक्कर, बद्धकोष्ठता आणि मूत्रपिंडावर ताण येतो. एएसएच किंवा टेलर प्रकारचा पट्टा उठताना-बसताना आधार देतो. तो झोपताना काढला तरी चालतो, आणि महिनोन्महिने बांधून ठेवला तर पाठीचे स्नायू उलट कमजोर होतात.

सक्तीची विश्रांती हा या काळातला सर्वांत घातक सल्ला आहे. ‘मणका मोडलाय, सहा आठवडे हलायचे नाही’ असे ऐकून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला न्यूमोनिया, पाठीवर व्रण आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो, शिवाय हाड आणखी विरळ होते. वेदना सोसवेल तेवढे, दिवसातून चार-पाच वेळा उभे राहणे आणि दहा पावले चालणे हाही उपचारच आहे.

सिमेंटचा विचार कधी करायचा, यावर जगभर गेली पंधरा-सोळा वर्षे वाद चालू आहे, आणि तो रुग्णापासून लपवण्याचे कारण नाही. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांत काही रुग्णांना खरे सिमेंट दिले आणि काहींना सुई टोचण्याचा केवळ आभास निर्माण केला. दोन्ही गटांच्या वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे २०१६ च्या ऑस्ट्रेलियातील ‘व्हेपर’ अभ्यासात सहा आठवड्यांच्या आतल्या ताज्या फ्रॅक्चरच्या आणि तीव्र वेदनेच्या १२० रुग्णांना घेतले गेले, आणि तिथे सिमेंटचा फायदा दिसला. २०१८ च्या नेदरलँड्समधील १८० रुग्णांच्या अभ्यासात तो पुन्हा दिसला नाही. या सगळ्यातून माझी स्वतःची पद्धत अशी ठरली आहे: ताजे फ्रॅक्चर, एमआरआयवर सूज, दुखण्याची जागा आणि चमकणारा मणका एकच, आणि दोन-तीन आठवडे नीट औषधे देऊनही रुग्ण उठू शकत नाही किंवा वेदनेसाठी त्याला रुग्णालयात दाखल करावे लागते, एवढे सगळे जुळले तरच सुई. सहा महिन्यांपूर्वीच्या, जुळून गेलेल्या मणक्यात ‘एकदा भरून टाका’ म्हणून सिमेंट घालायला मी तयार होत नाही.

सिमेंटची प्रक्रिया, आतून पाहिलेली

व्हर्टिब्रोप्लास्टी ही प्रक्रिया फ्रान्समधील आमियाँ शहरात १९८४ साली गालिबेर आणि देरामों या डॉक्टरांनी प्रथम केली, आणि तीही ठिसूळ हाडासाठी नव्हे. मानेच्या दुसऱ्या मणक्यात रक्तवाहिन्यांची गाठ वाढून असह्य वेदना होत असलेल्या रुग्णाच्या मणक्यात त्यांनी सिमेंट भरले होते. वापरलेला पदार्थ नवा नव्हता. पीएमएमए हे हाडांचे सिमेंट खुब्याचे सांधे बसवण्यासाठी त्याआधीपासूनच वापरात होते. बांधकामाच्या सिमेंटशी त्याचे नावापलीकडे काही नाते नाही. ते ॲक्रिलिक आहे.

रुग्णाला टेबलावर पालथे, छाती आणि ओटीपोटाखाली उशा देऊन झोपवतात. या स्थितीत चेपलेला मणका आपोआप थोडा उघडतो. प्रक्रिया अनेकदा कातडी आणि हाडाचे आवरण बधिर करून, गुंगीच्या औषधावर होते. फुप्फुसे कमजोर असतील किंवा पालथे झोपणे सोसवत नसेल तर पूर्ण भूल द्यावी लागते. सी-आर्म या एक्स-रे यंत्राने मणका समोरून आणि बाजूने असा दोन्हीकडून पाहत, चार-पाच मिलिमीटरच्या छेदातून पेन्सिलच्या शिशापेक्षा थोडी जाड सुई आत नेतात. मणक्याच्या मागच्या भागाला पुढच्या ठोकळ्याशी जोडणारे दोन हाडांचे दांडे असतात, त्यांना पेडिकल म्हणतात. सुईचा रस्ता या दांड्याच्या आतून जातो. दांड्याच्या आतल्या अंगाला मज्जारज्जू आणि खालच्या अंगाला मज्जातंतू असतो, त्यामुळे सुईचे टोक बाजूच्या चित्रात ठोकळ्याच्या मागच्या भिंतीपाशी पोहोचेपर्यंत समोरच्या चित्रात ते दांड्याच्या आतल्या कडेला ओलांडून गेलेले दिसता कामा नये. पडद्यावरच्या या एका कडेकडे शल्यचिकित्सक आणि तंत्रज्ञ दोघेही टक लावून पाहत असतात. प्रक्रियेचा बराचसा वेळ याच पाहण्यात जातो, आणि घाई नको असते तीही इथेच.

मग भुकटी आणि द्रव एकत्र करतात. सुरुवातीला मिश्रण दुधासारखे पातळ असते. तेव्हा ते आत ढकलले तर फटींमधून आणि शिरांमधून पळते. ते दंतमंजनाच्या पेस्टइतके घट्ट होईपर्यंत थांबावे लागते. हातमोज्याला चिकटायचे थांबले की वेळ झाली, अशी आमची जुनी खूण आहे. त्यानंतर दर अर्ध्या-एक मिलिलिटरला चित्र पाहत ते भरतात. साधारणपणे छातीच्या मणक्यात दोन-तीन आणि कमरेच्या मणक्यात तीन ते सहा मिलिलिटर पुरते. मणका काठोकाठ भरायची गरज नसते, आणि मागच्या भिंतीकडे सिमेंट सरकताना दिसले की लगेच थांबायचे असते. काही मिनिटांत ते कडक होते, कडक होताना गरम होते, आणि मग सुई निघते. कातडीवर एखादा टाका किंवा नुसती पट्टी. दोन-तीन तासांनी रुग्णाला उभे करतात, आणि तो बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जातो.

बलूनच्या पद्धतीला कायफोप्लास्टी म्हणतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती अमेरिकेत रूढ झाली. तिच्यात सिमेंटच्या आधी दोन्ही बाजूंनी छोटे फुगे आत नेऊन, दाब मोजत फुगवतात, त्यामुळे बसलेला मणका थोडा उचलला जातो आणि आत पोकळी तयार होते. मग फुगे काढून त्या पोकळीत अधिक घट्ट सिमेंट कमी दाबाने भरता येते. सिमेंट बाहेर झिरपण्याचे प्रमाण तिच्यात कमी आढळते. खर्च मात्र बराच वाढतो, आणि वेदना कमी होण्याच्या बाबतीत दोन्ही पद्धतींचे निकाल जवळपास सारखे येतात. नुकताच मोडलेला, पाचरीचा कोन जास्त असलेला मणका असेल तर बलूनला अर्थ आहे. महिन्यांपूर्वीच्या मणक्यात फुगा काही उचलू शकत नाही.

धोके प्रामाणिकपणे सांगायचे तर सिमेंट थोडेफार बाहेर जाणे वारंवार घडते, आणि बहुतेक वेळा त्याने काही होत नाही. क्वचित ते नळीत जाऊन पायांची ताकद जाऊ शकते आणि तातडीने उघडी शस्त्रक्रिया करावी लागते. क्वचित ते शिरेवाटे फुप्फुसात पोहोचते. शेजारचा मणका नंतर मोडण्याचा धोका असतोच, परंतु तो सिमेंटमुळे वाढतो की मूळच्या ठिसूळपणामुळे, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

स्क्रू आणि रॉड, छोट्या छेदांतून

झाडावरून पडलेल्या तरुणाच्या फुटलेल्या मणक्याला सिमेंटचा उपयोग नसतो. त्याला बाहेरून दिसणार नाही असा आतला आधार हवा असतो. पूर्वी त्यासाठी पाठीवर लांब छेद घेऊन स्नायू हाडापासून सोडवावे लागत. आता वरच्या आणि खालच्या शाबूत मणक्यांच्या पेडिकलवर दीड-दोन सेंटिमीटरचे छेद घेतात, सुईतून एक बारीक तार मणक्यात बसवतात, आणि त्या तारेवरून पोकळ स्क्रू खाली सरकवून घट्ट करतात. मग एका टोकाच्या छेदातून वाकवलेला रॉड स्नायूंच्या खालून, स्क्रूंच्या डोक्यांमधून ओवतात. सुईत दोरा ओवण्यासारखेच हे काम आहे, फक्त सुईची भोके स्नायूंखाली असतात. तार पुढे ढकलली जाऊन मणक्याच्या पुढची भिंत छेदणार नाही याकडे पूर्ण वेळ लक्ष ठेवावे लागते, कारण पलीकडे महाधमनी असते.

मणका फुटलेला आहे पण मज्जातंतू शाबूत आहेत, अशा रुग्णाला ही पद्धत उत्तम मानवते. रक्तस्राव कमी होतो, जंतुसंसर्गाचा धोका घटतो, आणि पाठीचे स्नायू शाबूत राहिल्याने रुग्ण लवकर चालू लागतो. मणके एकमेकांना कायमचे जोडले जात नाहीत, हाड जुळेपर्यंत रॉड फक्त सांभाळतो. म्हणून तरुण रुग्णात नऊ महिने ते वर्षानंतर, सीटी स्कॅनवर हाड जुळल्याची खात्री करून, ते काढून टाकण्याचा विचार करता येतो. हा दुसऱ्या छोट्या शस्त्रक्रियेचा खर्च पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा. ठिसूळ हाडात स्क्रू सैल पडतात, तिथे टोकाला छिद्रे असलेले स्क्रू बसवून त्यांतून सिमेंट सोडावे लागते. बांबूसारख्या जुळलेल्या कण्यात वरखाली दोन-तीन मणके धरून लांब आधार द्यावा लागतो.

काही ठिकाणी छोट्या छेदाचा हट्ट सोडावाच लागतो. हाडाचा तुकडा मज्जारज्जूवर दाबून पायांची ताकद गेली असेल, तर तो दाब काढण्यासाठी त्या जागी तरी उघडी शस्त्रक्रिया लागते. मणका पूर्ण सरकला असेल, फ्रॅक्चर जुने होऊन मोठे कुबड आले असेल, किंवा रुग्णाच्या जाडीमुळे सी-आर्मवर पेडिकल नीट दिसतच नसेल, तेव्हाही तसेच. ‘छोट्या छेदाने होईल का?’ या प्रश्नाला तुमचे डॉक्टर ‘नाही’ म्हणाले, तर त्यांना तंत्र येत नाही असा अर्थ लगेच काढू नये. कारण मात्र विचारावे.

दाखल होण्याआधीची तयारी

रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती कधी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक या दोघांनी मिळून ठरवावे. स्टेंट घातलेल्या रुग्णाने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी बंद करणे हे मोडलेल्या मणक्यापेक्षा धोक्याचे ठरू शकते. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करावा. मधुमेहींची साखर आटोक्यात आणावी. सगळ्या चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून बरोबर न्यावीत. ‘ती पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनावर भूलतज्ज्ञाला काही करता येत नाही.

खर्चाच्या अंदाजपत्रकात शस्त्रक्रियेचे शुल्क आणि सिमेंट, बलून किंवा स्क्रू यांची किंमत वेगवेगळी लिहून घ्यावी, कारण फरक तिथेच पडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन दाखल होण्याआधीच त्यांना भेटावे, आणि सुचवलेली नेमकी प्रक्रिया योजनेत बसते का, पूर्वमंजुरी लागते का, हे विचारावे. अपघात असेल तर पोलीस नोंदीची प्रत जपून ठेवावी, विम्याच्या दाव्याला ती लागते.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: नेमका कोणता मणका आणि तोच का, शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, मणक्यातून तपासणीसाठी नमुना घेणार का, आणि अडचण आली तर त्याच रुग्णालयात लगेच उघडी शस्त्रक्रिया करण्याची सोय आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर मी माझ्या आईला तिथे नेणार नाही.

घरी आल्यावर

पलंगावरून उठताना सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, दोन्ही पाय खाली सोडावेत आणि हाताने रेटा देत बसावे. भारतीय शौचालयाऐवजी कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरावी. सहा आठवडे पुढे वाकून केर काढणे, पाण्याची बादली उचलणे, जमिनीवर बसून भाजी निवडणे आणि एसटीच्या मागच्या बाकावर बसणे, ही सगळी बंद. प्रवास करावाच लागला तर दोन चाकांच्या मधली जागा धरावी. न्हाणीघरात ओल्या फरशीवर खरखरीत पायपुसणे, भिंतीला पकडायची दांडी आणि रात्रभर एक मंद दिवा, एवढ्या तीन गोष्टींनी पुढचे पडणे बऱ्याच अंशी टळते. पाठ ताठ करण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत, आणि पुढे वाकण्याचे व्यायाम, त्यात काही योगासनेही आली, ठिसूळ हाडाच्या रुग्णाने टाळावेत.

ताप येणे, जखमेतून पाणी झिरपणे, दम लागणे, छातीत दुखणे, पोटरी सुजणे, किंवा पायात नवी कमजोरी वाटणे यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

हाडाचे औषध

सिमेंट घातल्यावर वेदना कमी होते आणि रुग्ण पुन्हा दिसेनासा होतो, हा माझा कायमचा अनुभव. ठिसूळपणामुळे एकदा मणका बसलेल्यांपैकी साधारण पाचांतील एका रुग्णाचा दुसरा मणका वर्षभरातच बसतो. त्यामुळे शल्यचिकित्सकाचे काम संपते तिथे हाडांच्या डॉक्टरांचे खरे काम सुरू होते.

आधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची कमतरता भरून काढतात. आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे देतात. ती रोज घेतल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि त्याने रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला जाते. मुख्य औषधांमध्ये अ‍ॅलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नसते. नुकताच मणका मोडलेल्या, बसवत नसलेल्या बाईंना ही अट पाळता येत नाही, आणि गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. त्यांना झोलेड्रॉनिक आम्लाचे वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे ५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन सोयीचे पडते. ते देण्याआधी क्रिएटिनिन पाहावे, दातांचे प्रलंबित काम उरकून घ्यावे, आणि पहिल्या वेळी दोन-तीन दिवस अंगदुखी व ताप येऊ शकतो हे घरी सांगून ठेवावे. हाडे फारच विरळ असतील तर टेरिपॅराटाइडचे रोजचे इंजेक्शन नवे हाड तयार करते, परंतु कर्करोग हाडात पसरलेल्या रुग्णाला ते देत नाहीत. त्याचा ठरलेला काळ संपल्यावर दुसरे औषध सुरू करावेच लागते, अन्यथा मिळवलेले हाड पुन्हा निघून जाते.

डेनोसुमॅबचे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी त्वचेखाली देतात. ते चांगले औषध आहे, पण त्याची तारीख चुकवण्याची मुभा नाही. ते मधेच थांबले तर हाडाची झीज उसळी मारून परत येते आणि एकाच वेळी अनेक मणके बसू शकतात. माझ्या एका रुग्णबाई मुलीकडे पुण्याला राहायला गेल्या, इंजेक्शन चुकले, आणि दहाव्या महिन्यात चाकाच्या खुर्चीतून परत आल्या. तेव्हापासून मी डेनोसुमॅबची पुढची तारीख चिठ्ठीवर लिहून थांबत नाही, नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये माझ्यासमोर गजर लावून घेतो, आणि दुसरा गजर पंधरा दिवस आधीचा.